पेजेवरचं कुरकुरीत

आमच्याकडे पेज शिजते ती आजाऱ्यासाठी. धडधाकट माणूस सकाळी उठून पेज पितो असं आमच्या आष्टीकडे कुणाला सांगितलं, तर तो आधी सांगणाऱ्याच्याच कपाळाला हात लावून बघेल. कोकणात खातात म्हणे, पण कोकणातल्या माणसांचं आपण काय सांगावं. आमच्या घरातून सकाळी पेजेचा वास सुटला की शेजारपाजाऱ्यांनी समजायचं, कुणीतरी अंथरूण धरलंय.

हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

मी रंगराव. आकुर्डीच्या दुचाकीच्या कंपनीत उभा जन्म काढला, तिथूनच रिटायर झालो आणि आता चिखलीत मुलाच्या संसारात राहतो. मुलगा नवनाथ चाकणला मोटारींच्या एका कंपनीत पेंट शॉपला आहे. कंपनीनं त्याला मध्ये थायलंडला धाडलं होतं, रायोंग म्हणून गाव आहे तिथं, गाड्यांना रंग मारणारे रोबो शिकायला. रोबो शिकून आला आणि पुढे तिथलीच पोरगी लग्न करून घरी आणली. नोई तिचं नाव. लग्नात बायकांनी हौसेनं तिचं नाव निशिगंधा ठेवलं, नवनाथनं ते अंगठीनं तांदळात लिहिलंसुद्धा, पण ते त्या ताटाबाहेर काही आलं नाही. नोई ती नोईच राहिली.

पण नोईच्या आधी सुमनचं सांगायला हवं. सुमन म्हणजे माझी बायको.

नवनाथ रायोंगला असतानाच सुमनच्या अन्ननलिकेत गाठ निघाली. तो सगळं टाकून यायला निघाला होता. सुमननंच त्याला दम भरला, "तू यून काय माझ्या नरड्यात हात घालनार हायस का? काम पुरं कर आन् मग ये." ती तशीच बोलायची. माझ्याशी तर त्याहून वाईट बोलायची, आणि मला ते आवडायचं.

हळूहळू तिचं भाकरी खाणं सुटलं, मग भात, आणि शेवटी पेज तेवढी राहिली. ती मी करायचो. इंद्रायणीची कणी भिजत घालायची, तळहातानं चुरायची आणि मग पातेल्यासमोरून हलायचं नाही. एक दाणा अख्खा राहिला तरी तिच्या घशात अडकायचा, आणि मग जो खोकला यायचा तो बघवत नसे. मध्येच गार पाणी घातलं की पेज फाटते, पाणी वर आणि चोथा खाली, म्हणून दुसऱ्या शेगडीवर आधण तयार ठेवायचं. कंपनीत मी इन्स्पेक्शनला होतो. पण त्या पेजेकडे जसा बघायचो तसं मी आयुष्यात एकाही पार्टकडे बघितलं नसेल.

सुमनला पेजेचा कंटाळा नव्हता, गिळगिळीतपणाचा होता. धडधाकट होती तेव्हा भाकरीचा करपलेला काठ, कढईतली शेवटची कडक झालेली भजी, पापडाचा तुकडा, या सगळ्यावर पहिला हक्क तिचा. माझ्या ताटातलंसुद्धा उचलायची. तिला आता दिवसभर नुसतं गुळगुळीत.

"दाताखाली कायतरी यू द्या की ओ," म्हणायची. "दात काय फोटू काडायला ठिवल्यात का?"

डॉक्टरांना विचारलं, तर त्यांनी नुसती मान हलवली. मी घरी येऊन तिला सांगितलं, बरी झालीस की मग. तिला कळत होतं, मला कळत होतं, आणि दोघंही पेजेकडे बघत होतो.

अशातच एक दिवस सकाळी नवनाथनं व्हिडिओ कॉल केला. त्यांची सकाळ आमच्या आधी होते. मी सुमनला उशीला टेकवून बसवलं होतं, तिच्या हातात पेजेची वाटी. फोनवर बघतो तर नवनाथही वाटी घेऊन बसलेला, कंपनीच्या गेटजवळच्या एका गाड्यावर, आणि वाटीत पेज.

सुमन घाबरली. "नवन्या, तुला काय झालंय रं? खरं सांग."

"काही नाही झालं, आई. इथं सकाळी हेच खातात. चोक म्हणतात याला."

"समदीच?"

त्यानं फोन फिरवला. गाड्याभोवती कामगारांची ही गर्दी. कुणाच्या गळ्यात कंपनीचं कार्ड, कुणाच्या हातात हेल्मेट, आणि सगळे उभ्याउभ्या पेज पितायत. सुमननं नीट बघून घेतलं आणि मला म्हणाली, "अख्खी शिफ्टच आजारी दिसतीय." खूप दिवसांनी हसली ती. हसून खोकला आला तरी हसत होती.

गाड्यावर एक ठेंगणी बाई होती, माझ्याच वयाची असेल. तिनं तळलेला एक लांबट पाव उचलला, दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवून तळल्यासारखा, आणि वाटीवर धरून कात्रीनं कचाकचा कापला. तुकडे पेजेवर पडले. नवनाथ म्हणाला, हे पातोंगको.

"कापडावानी कातरतीय बया," सुमन म्हणाली. मग फोनकडे वाकली. "वाजतंय का रं ते?"

नवनाथनं तुकडा दातांखाली धरला, फोन गालाशी नेला आणि चावला. कुर्रकन आवाज आला. सुमननं डोळे मिटले.

"पुन्यांदा," म्हणाली.

त्यानंतर ते रोजचं झालं. सकाळी फोन यायचा, नवनाथ तिकडे चावायचा आणि इकडे सुमन डोळे मिटून पेजेचा घोट घ्यायची. त्याची शिफ्ट बदलली की तो नसायचा, तर मग ती गाड्यावरची बाईच फोन घ्यायची. तिला आमचं काही कळत नव्हतं, आम्हाला तिचं नाही. ती हसून हात करायची, पातोंगको तोंडाशी धरायची आणि कुर्र वाजवायची. माली नाव तिचं. तिच्या मागं एक पोरगी पिशव्यांना रबर लावत असायची, तिचे हात तेवढे दिसायचे. ती नोई. स्वतःच्या कामाला जायच्या आधी आईला हात द्यायची.

शेवटी नवनाथ आला. त्याच्या हातचं चार घोट पाणी पिऊन सुमन गेली. मी ते पेजेचं पातेलं माळ्यावर टाकलं आणि ठरवलं, आता या वासासमोर पुन्हा उभं राहायचं नाही.

आता नोई.

ती आली तेव्हा मला धाकधूक होती, भाषा नाही, काही नाही. पण पोरगी भारी निघाली. मराठी शिकली ती आमच्या शेजारच्या अंबुबाईकडून. अंबुबाई म्हणजे चिखलीच्या मूळच्या शेतकरी घरातल्या, आमच्या घरासकट आसपासची सगळी जमीन एके काळी त्यांची. त्यांच्या अंगणात बसून बसून नोई 'व्हय' आणि 'न्हाई' म्हणायला लागली. आज आमच्या घरात सगळ्यात गावरान मराठी बोलते ती थायलंडची सून, आणि नवनाथ तिला शुद्ध बोल म्हणून सांगत असतो.

आल्यावर थोड्याच दिवसांनी एका सकाळी तिनं चोक केला. मी आंघोळ करून बाहेर आलो आणि तो वास आला. तांदूळ पाण्यात उकळून उकळून मऊ होतो तो वास. मी चप्पल घातली आणि सरळ बाहेर पडलो, पार स्पाइन रोडपर्यंत चालत गेलो. परत आलो तर अंबुबाई लिंबं आणि खारीचा पुडा घेऊन दारात.

"कोन पडलंय आजारी? पेजंचा वास आला म्हनून आले."

नोई वाटी घेऊन उभी. "कोनी न्हाई पडलं. नाष्टा हाय ह्यो."

अंबुबाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. "दिस गेल्यात व्हय?"

तेव्हा काही दिवस गेले नव्हते, पण अंबुबाई ते मान्य करेनात. लिंबं ठेवूनच गेल्या.

पुढे दोन-चारदा नोईनं चोक केला आणि दर वेळी मी चप्पल घातली. तोंडानं मी काही बोललो नाही. पण पोरीला डोळे आहेत. तिला वाटलं असणार, म्हाताऱ्याला माझं अन्न चालत नाही. तिनं एक दिवस करणं बंद केलं. सकाळी पोहे, उपमा, कधी शिळ्या भाकरीचा कुस्करा, सगळं आमच्यासारखं खाऊ लागली. मात्र खाताना फोनवर तिच्या आईचा गाडा बघत बसायची. माली फोन टपावर टांगून ठेवायची, मग गर्दी दिसायची, कात्रीचा आवाज यायचा. नोई मला कधीमधी दाखवायची. केळीच्या पानातला चिकट भात, काडीला खोचलेलं मांस, पिशवीत बांधून दिलेलं सोयाबीनचं गरम दूध. "समदी शिफ्टला जात्यात, आबा," म्हणायची. "आपल्या चाकनवानी." आणि हातातला पोह्यांचा घास तसाच राहायचा.

मग खरंच दिवस गेले. आणि नववा लागलेला असताना तिकडे माली गेली. गाडा लावतानाच कोसळली, उठलीच नाही. विमानानं सोडायला डॉक्टर तयार नव्हते. नोईनं आईची शेवटची क्रिया फोनवर बघितली, आमच्या सोफ्यावर बसून, पोटावर हात ठेवून. मी तिच्या शेजारी बसलो होतो. मी नुसतं पाणी आणून देत होतो. थोड्याच दिवसांत स्वरूपा झाली, माझी नात. घरात लहान पोर आलं, पाहुणे आले, बारसं झालं. नोई त्यात हसली, नटली. पण सकाळी नाश्त्याच्या वेळी फोन हातात घ्यायची, आणि बघायला काही नसायचं म्हणून परत ठेवायची. ते मी रोज बघायचो.

वर्ष भरत आलं तशी ती माझ्याकडे आली.

"आबा, आईचं वर्स हाय. आमच्यात सकाळी भिक्षूला जेवन देत्यात. मेलेल्या मानसाच्या आवडीचं. मग पानी सोडत्यात, म्हंजे तेला पोचतं."

"आमच्यात बी तसंच काय काय असतं," मी म्हणालो.

"मला आईचा चोक द्यायचाय." मग थांबून म्हणाली, "घरात करू का? तुमाला वास..."

तिनं तो विचारलेला प्रश्न मला लागला. स्वतःच्या घरात सून विचारते, वास येईल, चालेल का म्हणून. मी म्हणालो, "कर की. मी फिरून यीन."

आता भिक्षू कुठून आणायचा? माझ्या लाइनवरचा निरंजन गायकवाड आठवला. आकुर्डीला राहतो, बौद्ध आहे. आम्ही दोघांनी एका डब्यात जेवत नोकरी काढली, त्याच्या घरच्या झुणक्यावर मी वाढलो म्हटलं तरी चालेल. पण त्याच्या वस्तीतल्या विहारात मी कधी पाऊल ठेवलं नव्हतं. तो दर बुद्धपौर्णिमेला बोलवायचा, मी दर वेळी काहीतरी सबब सांगायचो. फोन केल्यावर तो ऐकून घेऊन म्हणाला, "म्हणजे थायलंडवरनं सून आणावी लागली, तवा कुठं तू विहारात यायला तयार झालास. ये बाबा. भंतेंना सांगतो. फक्त मांसमच्छी नको, आमचे भंते घेत नाहीत."

नोई म्हणाली, ते ठीक आहे. गाड्यावरच्या चोकात डुकराचं मांस असायचं, पण नवनाथही ते खात नव्हता, त्याच्यासाठी तिची आई लहान पातेल्यात वेगळा चोक लावायची, मुळा आणि मशरूमचा. तोच करू.

आणि इथं सगळं अडलं. आधी घरात करायची तो नुसता नाश्त्यापुरता, आईसारखा तिला येईना.

माली पहाटे एकटी उठून शिजवायची. नोई उठेपर्यंत पातेलं गाड्यावर चढलेलं असायचं. पोरीनं हजारो वाट्या वाढल्या, पिशव्या बांधल्या, पण शिजताना कधी बघितलं नव्हतं. विचारायचं राहून गेलं. आई आहे म्हटल्यावर कोण विचारतं.

पहिल्यांदा केला तो मी फिरून परत आलो तरी तसाच पडला होता. वर पाणी, खाली शितं. "आसा नसतो," म्हणाली. दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून काढला, तर खळ झाली, कपड्यांना लावायची. वर्ष परवावर आलं. तिसऱ्यांदा तिनं भल्या सकाळी पातेलं चढवलं. नवनाथ फर्स्ट शिफ्टला गेला होता, स्वरूपा झोपलेली. मी चप्पल घालून जिन्यापर्यंत गेलो आणि आतून पातेलं सिंकमध्ये आपटल्याचा आवाज आला. मग रडण्याचा. मोठ्यानं नाही, पोर उठेल म्हणून दाबून.

मी जिन्यात उभा राहिलो. खरं सांगायचं तर मला पुढं जायचं होतं, स्पाइन रोडला. पाय निघेना. मी आत आलो.

"मला आईचा हात येत न्हाई, आबा," ती म्हणाली. "मी आईला उपाशी ठिवनार."

सिंकमध्ये बघितलं. लांबच लांब शितं, सुटी सुटी. ओट्यावर बासमतीचा पुडा, नवनाथनं आणलेला. बायकोच्या आईसाठी म्हणून सगळ्यात महागातला घेऊन आला असणार, गाढव.

"ह्याची बिर्यानी करा," मी म्हणालो. "ह्याची कसली पेज हुतीय."

बोललो आणि आता मागं फिरता येईना. स्कूटर काढली. बाजारात मावळातला एक माणूस टेम्पो लावून इंद्रायणी विकतो. त्याच्याकडे कणी मागितली. त्यानं पिशवी भरता भरता विचारलं, "घरात कोनी आजारी हाय का?"

"न्हाई," मी म्हणालो. "सगळी ठनठनीत हायत."

घरी येऊन स्टुलावर चढलो आणि माळ्यावरून ते पातेलं काढलं. धूळ बसली होती, कडेला एक पोचा होता, सुमननं एकदा रागानं खाली टाकलं होतं त्याचा. मी घासलं. नोई बघत होती.

कणी भिजली, चुरली, पाणी ठेवलं. नोईनं तिच्याकडची कोथिंबिरीची मुळं, लसूण आणि पांढरी मिरी कुटून टाकली. कोथिंबिरीची मुळं आम्ही कचऱ्यात टाकतो, त्यांच्यात त्यावरच सगळं अवलंबून. वास सुटायला लागला तसे पाय दाराकडे ओढ घ्यायला लागले. हात मात्र पळी फिरवत होता. हाताला सगळं आठवत होतं, तळाला लागू न देता कसं फिरवायचं, आधण कधी घालायचं. मी मध्येच वाकून बघत होतो, अख्खा दाणा राहिलाय का. आता कुणाच्या घशात अडकणार होता, तरी बघत होतो.

"आबा, तुमी रडताय."

"मिरी लई टाकलीस."

तिनं आधणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. जरा वेळानं म्हणाली, "माझी आई रोज येक पातोंगको बाजूला काढायची. फोनवाल्या आईचा."

मी पळी फिरवत राहिलो.

"सुमनआई गेली तवा नवनाथ हिकडं होता. आईला कसं सांगायचं, मला कळंना. मी सांगितलं. तरी तिनं दुसऱ्या दिशी येक काडलाच. मग वाटीत चोक घेतला, त्यावर त्यो कातरला, आन् रस्त्यानं भिक्षू जात हुते तेंनला दिला. पानी सोडलं. मला म्हनली, तिला आता खाता यील."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इकडे आम्ही सुमनचं दहावं-तेरावं केलं, पुरणाचं केलं, गावजेवण केलं, आणि सुमनच्या दातांना काय हवं होतं ते एका परक्या बाईच्या लक्षात राहिलं. मला पहिल्यांदा हेवा वाटला, मग लाज वाटली, आणि मग सुमनची इतकी आठवण आली की मी गॅस बारीक करून ओट्याला धरून उभा राहिलो. तिची फार आठवण येते. माणसं म्हणतात कमी होते. काही होत नाही.

पेज झाली. नोईनं चमच्यात घेऊन फुंकली आणि चाखली. मग तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिली, आणि तिचे खांदे हलायला लागले.

"ह्योच," म्हणाली. "आबा, ह्योच हाय."

रायोंगच्या गाड्यावरची चव आणि चिखलीतल्या आजाऱ्याची पेज एकच कशी निघाली, ते मला सांगता येणार नाही. मालीनं ती सकाळी कामाला जाणाऱ्यांसाठी शिजवली, मी जाणाऱ्या माणसासाठी शिजवली. हात तेवढाच लागत असेल. स्वरूपा उठली तेव्हा नोईनं बोटानं तिला चाटवली, तर पोरगी पातेल्याकडे झेपावायला लागली.

"तुमी घ्या की, आबा," नोई म्हणाली.

"मी न्हाई खात," मी म्हणालो. त्या दिवशी तेवढं काही जमलं नाही.

पातोंगकोचं पीठ तिनं भिजवून ठेवलं आणि वर्षाच्या दिवशी पहाटे आम्ही दोघं ओट्याशी उभे राहिलो. मी पेज धरली, तिनं पट्ट्या कापल्या. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून मध्ये काडीनं दाबायच्या, म्हणजे तेलात सुटत नाहीत. कढईत त्या टम्म फुगल्या. "बारीक तळ," मी म्हणालो, "चांगल्या कडक हू दे." नवनाथ उठून आला, दारातच थांबला, ते पातेलं बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि स्वरूपाला कपडे घालायला गेला.

विहारात निरंजन दारात उभा होता. त्यानं माझा हात धरून आत नेलं, आणि नेहमीसारखी थट्टा काही केली नाही. भंते म्हातारे होते, नांदेडकडचे, अगदी आपल्यातल्यासारखे बोलणारे. नोई शुभ्र साडी नेसून गुडघे टेकून बसली. तिनं डबा उघडला, त्यांच्या पात्रात चोक वाढला, आलं घातलं, कांद्याची पात घातली. एका ताटलीत पातोंगको आणि कात्री ठेवली होती.

भंतेंनी विचारलं, "कुणाच्या नावानं पुण्यानुमोदन करायचं?"

"माली," नोई म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् सुमन."

भंते म्हणायला लागले. नोईनं छोट्या तांब्यातून ताटात पाण्याची धार धरली. तिनं माझं बोट घेऊन तिच्या कोपराला लावलं, त्यांच्यात तसं करतात, म्हणजे पाणी दोघांनी सोडल्यासारखं होतं. नवनाथनं माझ्या खांद्याला हात लावला, त्याच्या कडेवर स्वरूपा. निरंजन मागं उभा होता, त्यानं न बोलावता नवनाथच्या खांद्याला हात लावला.

पाणी सोडून झालं. नोईनं कात्री उचलली आणि मग ती माझ्या हातात दिली.

मी पातोंगको उचलला आणि पात्रावर धरून कातरला, माली कातरायची तसा. तुकडे पेजेवर पडले. भंतेंनी घास घेतला. विहारात कुणी बोलत नव्हतं, त्यामुळे चावल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. कुर्र. मी डोळे मिटले. मग उघडले आणि दुसरा उचलून कातरायला लागलो.

"पुरे, बाबा, पुरे," भंतेंनी पात्रावर हात आडवा धरला.

"असू द्या, भंते," मी म्हणालो. "तिला जास्त लागतं."